आधी दार, मग दुकान

जुन्या गाडीची बाजारातली किंमत सव्वा लाख, आणि तिच्यात नवी साउंड सिस्टिम बसवायला दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा २२ हजार. टचस्क्रीन, चार स्पीकर, अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर), डिक्कीत वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर), फिटिंगचे वेगळे. "सर, एकदाच काय तो खर्च करा," तो म्हणाला. मी चिठ्ठीची घडी खिशात घातली आणि चहा प्यायला गेलो.

मी कोल्हापूरच्या गगनबावडा रस्त्यावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गाडी २००७ ची वॅगनआर. रोजचे जाऊन-येऊन पावणेदोन तास तिच्यात जातात, सोबत बहुतेक दिवशी एखादा सहकारी. तक्रार साधी होती: गाण्यातला डग्गा ऐकूच येत नव्हता. आवाज वाढवला की गायिका किंचाळायची आणि डाव्या दारात कुणीतरी घोरतंय असं वाटायचं. शेवटी मला सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास लागले, आणि सगळ्यात मोठा फरक ज्या दुरुस्तीने पडला तिला एक रुपयाही लागला नाही.

रिमोटचा सेल

उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग करणारे एक मिस्त्री ओळखीचे आहेत. नवे स्पीकर कुठले घ्यावेत एवढंच विचारायला गेलो होतो.

"स्पीकर गेलाय म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आवाजच तसा येतोय की."

"सेल आणा बघू एक. रिमोटचा, घड्याळाचा, कसलाबी चालतोय."

त्यांनी टेप बाहेर ओढला. (गाडीतल्या स्टिरिओला आमच्याकडे अजून टेपच म्हणतात, कॅसेट जाऊन जमाना झाला तरी.) मागचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सुटा केला, दारांच्या जाळ्या काढल्या. उजव्या स्पीकरच्या दोन वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. 'टक्' झालं आणि कागदी कोन, म्हणजे स्पीकरचा शंकूसारखा पडदा, बाहेर आला. मग रंगांचा तोच हिशोब धरून डाव्याला टेकवला. 'टक्' झालं आणि कोन आत गेला.

"बघा. एक ढकलतोय, दुसरा ओढतोय. बेस येणार कुठनं?"

आधीच्या मालकाने कुठेतरी टेप बदलून घेतला होता आणि बसवणाऱ्याने डाव्या स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट जोडल्या होत्या. बारा-तेरा वर्षं ती गाडी तशीच गात होती. आणि दरवर्षी फळ्यावर ओहमचा नियम लिहिणारा मी तिच्यात बसून स्पीकरलाच नावं ठेवत होतो.

यात नेमकं होतं काय? दोघांनी मिळून चादर झटकताना एकाने हात वर नेला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने खाली, तर मधल्या चादरीत लाट उठत नाही. हवेचंही तसंच. १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनं) खर्जाच्या सुराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे छोट्या गाडीच्या आतल्या जागेपेक्षाही लांब. एवढ्या लांब लाटेपुढे दोन दारांतलं अंतर किरकोळच, त्यामुळे एका स्पीकरने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो आणि खर्ज जागच्या जागी मरतो. ३००० हर्ट्झची लाट मात्र जेमतेम ११ सेंटिमीटरची. ती कुठे कटते, कुठे वाढते, डोकं जरा हलवलं की बदलते, म्हणून एकूण ऐकायला येत राहते. त्यामुळेच शब्द कळतात पण ठेका गायब असतो, आणि माणूस म्हणतो 'स्पीकर हलके आहेत'.

हे घरी करायचं तर एकच काळजी घ्या: स्पीकरच्या वायरी टेपपासून सुट्या केल्याशिवाय सेल लावू नका, आणि लावलात तर क्षणभरच. टेप काढायचाच नसेल तर कानानेही कळतं. बॅलन्स (डाव्या-उजव्या आवाजाची वाटणी) मधोमध ठेवून बातम्या लावा. निवेदकाचा आवाज डॅशबोर्डच्या मधून येत असेल तर ठीक. तो कुठून येतोय तेच कळत नसेल, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटत असेल, तर जोडणी बहुधा उलटी आहे.

सेल हातात आहेच तर स्पीकरची तब्येतही बघून घ्या. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा दाबून सोडा. आत खरखर घासल्यासारखं झालं तर कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, घासतेय. कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन गळला तर त्याचं आयुष्य संपलं. फोम वर्षांगणिक आपोआपच सडतो, त्यात आमच्याकडची पावसाळी दमट हवा. रबरी कड असलेले स्पीकर त्या मानाने टिकतात. मल्टिमीटर असेल तर ४ ओहमचा स्पीकर साधारण सव्वातीन ते पावणेचार ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली आहे.

बटणांचा गोंधळ

फुकटातलं आणखी थोडं. बहुतेक लोक फोनचा आवाज अर्ध्यावर ठेवून टेपचा आवाज फुल करतात. उलट करा. फोन जवळजवळ फुल, टेप मध्यम. फोनकडून क्षीण आवाज आला की टेप त्याच्यासोबत आतली खरखरही मोठी करून ऐकवतो.

एफएम ट्रान्समीटर, म्हणजे लायटरच्या भोकात घालायचं ते ब्लूटूथवालं यंत्र, ही शेवटची सोय समजा. एफएमवरून १५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज मुळात जातच नाही, आणि कोल्हापुरात ९४.३ टोमॅटो, १०२.७ आकाशवाणी अशी स्टेशनं चुकवत रिकामी जागा शोधत बसायचं. टेपला ऑक्सचं, म्हणजे फोन वायरने जोडायचं भोक असेल तर दीडशे रुपयांची वायर त्याहून स्वच्छ वाजते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दहा जणांकडून फिरत आलेलं गाणं कुठल्याच स्पीकरवर चांगलं वाजणार नाही, हेही एकदा मान्य करून टाकू.

मग बेसचं बटण. आपण ते +१२ वर नेऊन ठेवतो. १२ डेसिबल वाढ म्हणजे त्या सुरांना सोळापट ताकद हवी. जिथे एक वॅट लागत होता तिथे आता सोळा. टेपकडे दर स्पीकरमागे आहेत वीसच्या आसपास, म्हणजे जरा आवाज वाढवला की ती संपतात. मग लाटेचं वरचं डोकं सपाट कापलं जातं आणि आवाज फाटतो. स्पीकर फुटला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा फुटलेला असतो तो सिग्नल. त्यापेक्षा टेपच्या मेनूत एचपीएफ नावाचा, ठरवलेल्या आकड्याखालचे सूर अडवणारा पर्याय आहे का बघा आणि तो ८० हर्ट्झवर ठेवा. दारातला छोटा स्पीकर ८० च्या खालचं तसंही नीट वाजवू शकत नाही, नुसता धडपडतो. ती धडपड थांबली की उरलेला आवाज मोकळा होतो. बेस कमी करून बेस सुधारतो हे ऐकायला उलटं वाटतं. दोनदा करून बघा.

फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाची वाटणी) थोडा पुढे आणि बॅलन्स एक-दोन खुणा डावीकडे घ्या. आपण उजवीकडे बसतो, उजवा स्पीकर गुडघ्याला लागून, डावा पलीकडे. गायक समोर बसलेला बरा, मागच्या काचेवर नको.

दार हाच डबा

आता खर्चाकडे येऊ. पहिला खर्च स्पीकरवर करायचा नाही.

घरच्या स्पीकरला लाकडी डबा असतो. गाडीच्या दारात डबा कुठाय? दार हाच डबा आहे, आणि तो भोकांनी भरलेला आहे. आतलं पॅड, म्हणजे दाराचं आतल्या बाजूचं आवरण, उघडलं की दिसतं: पत्र्यात हाताचा पंजा जाईल एवढाली भोकं, त्यांवर कारखान्यातून चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद, आणि जुन्या गाडीत तो कागदही काच दुरुस्त करताना कुणीतरी टरकावलेला.

याने काय बिघडतं ते मी नववीच्या वर्गात ध्वनीचा धडा चालू असताना दाखवलं. गाडीतून काढलेला जुना स्पीकर एका छोट्या अ‍ॅम्पला जोडला आणि हातात उघडाच धरला. ढोलकीचं गाणं लावलं. नुसती चाटीची टिचटिच ऐकू आली, पंख्याच्या आवाजात विरून जाणारी. मग टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतला, मध्ये स्पीकरच्या मापाचं गोल भोक पाडलेला, आणि स्पीकर त्या भोकावर दाबून धरला. धुम् आला. शेवटच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, बेस पुठ्ठ्यात हाय!"

एका अर्थाने होताच. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पुठ्ठा नसेल तर पुढची दाबलेली हवा कडेवरून मागच्या विरळ जागेत घुसते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पुठ्ठा नवा आवाज तयार करत नाही. मागची लाट पुढे येऊ देत नाही, एवढंच. दारातली भोकं बुजवणं म्हणजे हेच.

पद्धत अशी. बॅटरीची मायनस वायर आधी काढा. पॅडचे स्क्रू आणि क्लिपा सोडवा; जुन्या क्लिपा दोन-चार तुटणारच, नव्या आधीच आणून ठेवा. टरकलेला प्लॅस्टिकचा कागद पूर्ण काढा, काळा चिकट डिंक घासलेटाच्या फडक्याने पुसून घ्या. मग ब्यूटाइल रबराची, थरथर शोषणारी चिकट डॅम्पिंग शीट, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेली. बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या बरोबर मागे आणि पत्र्याच्या मधल्या भागात तिचे तुकडे लावा. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. पाव ते तिसरा हिस्सा झाकला की त्याची थरथर थांबते. बोटाने वाजवून बघा: आधी 'टण्ण' वाजणारं दार 'धप्प' वाजायला लागतं. त्यानंतर आतल्या पत्र्याची मोठी भोकं याच शीटने बंद करा. भोक मोठं असेल तर आधी पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा तुकडा ठेवा, नाहीतर शीट पडद्यासारखी आत-बाहेर होत राहते.

यातली एक चूक कोल्हापुरात फार महागात पडेल. दारात पाणी जातं. खिडकीच्या काचेवरून ओघळणारा पाऊस काचेच्या पट्टीतून आत उतरतो, तो तसाच उतरावा अशी दाराची रचना असते, आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक फटींतून तो बाहेर पडतो. उत्साहाच्या भरात त्या फटी बुजवल्या तर दाराची घागर होते. वळणावर आतून 'खळ्ळ' ऐकू येईल आणि दोन पावसाळ्यांत पत्रा तळातून गंजेल. उलट दार उघडलंच आहे तर त्या फटींत अडकलेला चिखल काडीने साफ करा. स्पीकरच्या मागे वरच्या बाजूने जाड प्लॅस्टिकची छोटी छत्री लावा म्हणजे ओघळ थेट चुंबकावर पडत नाही.

छतावर पाणी गळू नये म्हणून लावतात तो डांबरी पट्टा स्वस्त पडतो म्हणून बरेच जण दारात लावतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत डांबराचा वास सुटतो आणि पट्टा घसरून खाली लोंबतो. एवढे पैसे वाचवायचे नाहीत.

दार उघडण्याचा आणखी एक फायदा, जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्या आजही फिरत असतील. वरून पॉलिश झालेलं असतं, पण पॅडच्या मागे गाळाची आडवी रेघ कुणी पुसत नाही.

दोन दारांच्या शीटला मला तेराशे रुपये लागले, आणि एक रविवार. जुना स्पीकर तोच, टेप तोच. सोमवारी गाडीत बसलेले आमचे पाटील सर म्हणाले, "नवीन बसवलेत काय?"

वॅट कुणाचे खरे

आता नवा स्पीकर घ्यायला हरकत नाही. पण दुकानात गेलात की खोक्यावरचे आकडे नाचायला लागतात, तेव्हा थोडं गणित जवळ असू द्या.

टेपवर लिहिलेलं असतं ५० वॅट गुणिले ४. ते ५० येतात कुठून? इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. ओहमचा नियम लावा: १४.४ चा वर्ग भागिले स्पीकरचे ४ ओहम, जवळजवळ ५२ वॅट. म्हणजे हा आकडा खोटा नाही, पण तो तेव्हाचा आहे जेव्हा आवाज पूर्ण फाटून चौकोनी झालेला असतो. स्वच्छ सुराच्या लाटेचा हिशोब केला तर अगदी आदर्श परिस्थितीत २६ वॅट निघतात, आणि आतली गळती वजा जाता हाती येतात २० च्या आसपास. कुठल्याही कंपनीचा साधा टेप घ्या, दोन हजारांचा असो की दहा हजारांचा, आतल्या अ‍ॅम्पची ताकद हीच. १४.४ व्होल्ट सगळ्यांना सारखेच मिळतात.

म्हणून '३०० वॅट' छापलेला स्पीकर घेऊन काही मिळत नाही. तो आकडा स्पीकर किती सोसेल ते सांगतो, किती मोठा वाजेल ते नाही. बघायचा आकडा वेगळा, बारीक अक्षरात छापलेला: सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज. तीन डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट ताकद दिल्यासारखं. ९२ डेसिबलचा स्पीकर टेपच्या २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८९ वाल्याला ४० वॅट लागतात, जे टेपकडे नाहीतच. अ‍ॅम्प घ्यायचा नसेल तर ९० च्या वरचा, रबरी कडेचा साधा को-अ‍ॅक्सियल घ्या, म्हणजे मोठ्या कोनच्या मध्यात ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) बसवलेला. तीन-चार ट्विटरवाले दिसायला भारी असतात. माझ्या कानाला ते फक्त जास्त चरचरतात. मागच्या दोन स्पीकरचे पैसे वाचवून पुढची जोडी बरी घ्या. मी पुढच्या जोडीला एकोणीसशे दिले, मागचे जुनेच आहेत आणि फेडरने जवळजवळ बंद केलेत.

माप मात्र घरूनच घेऊन जा. चार, सव्वापाच, साडेसहा इंची ही ढोबळ मापं झाली. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि खोली वेगळी मोजा. काच पूर्ण खाली करून चुंबकाला जागा उरते का बघा. नाहीतर काच अर्ध्यात अडकेल आणि पेट्रोल पंपावर दार उघडून पैसे द्यावे लागतील.

स्पीकर पत्र्यावर थेट आवळू नका. बारा मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायची गोल रिंग सुताराकडून कापून घ्या, दोन हात ऑइलपेंट मारा. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) तयार रिंग मिळते, पण आमच्या पावसात ती पापडासारखी फुगते. आणि स्पीकरच्या पुढे, पॅडच्या जाळीपर्यंत पोचेल असा फोमचा गोल पट्टा लावा. तो नसेल तर निम्मा आवाज पॅड आणि पत्रा यांच्यामधल्या पोकळीत फिरत बसतो. रिंगांना तीनशे, फोम-क्लिपा-किरकोळला तीनशे.

वायर आणि अर्थ

टेपच्याच ताकदीवर वाजवणार असाल तर स्पीकरच्या वायरी बदलायच्या फंदात पडू नका. २० वॅटला सव्वादोन अँपिअर वाहतात. कारखान्याची अर्धा चौरस एमएमची बारीक वायरही त्यात अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी खाते, कानाला पत्ता लागत नाही. जाडजूड पारदर्शक वायर विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

जोडणी मात्र नीट हवी. नवीन टेपच्या मागे पिवळी वायर बॅटरीची, कायम चालू, लाल किल्लीवरची, काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची, आणि ज्या वायरीवर काळी रेघ ती मायनस. पिवळी आणि लाल एकत्र पिळून किल्लीला जोडली तर गाडी बंद केली की सेटिंग पुसलं जातं. दोन्ही बॅटरीला जोडली तर चार दिवसांनी गाडीला धक्का मारावा लागतो. खूप जुन्या गाड्यांत स्पीकरची मायनस वायर सरळ बॉडीला लावलेली सापडते. जुन्या टेपला ते चालायचं. आजच्या टेपच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं. त्यातली एक पत्र्याला टेकली तर आतली चिप जाऊ शकते. तिथे नवी वायर ओढण्याला पर्याय नाही.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की 'कुईं' असा चढत जाणारा आवाज येत असेल तर दोष बहुधा अर्थचा. काळी वायर रंगावर स्क्रूने दाबलेली असते. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून उघडा पत्रा करा आणि पुन्हा घट्ट आवळा.

अ‍ॅम्पचा मोह

एवढं झाल्यावरही कुणाला जास्त हवं असतं. त्याला माझी हरकत नाही, पण एक तपासणी सांगतो, जी मी स्वतः पैसे घालवून शिकलो. यापूर्वीच्या गाडीत मी '५००० वॅट' लिहिलेला अ‍ॅम्प बसवून घेतला होता. ५००० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे चारशेहून जास्त अँपिअर. गाडीच्या स्टार्टरलाही एवढं लागत नाही. त्या अ‍ॅम्पच्या बुडाशी लावलेला फ्यूज होता २५ अँपिअरचा. २५ गुणिले १२, आत जाणारे ३०० वॅट. त्यातले बाहेर येणार दोनशेच्या आसपास. अ‍ॅम्पची खरी ताकद खोक्यावर वाचू नका, फ्यूजवर वाचा.

आणि दुसरा फ्यूज बॅटरीजवळ हवाच, केबल सुरू झाल्यावर वीतभर-दीड वीत अंतरात. तो अ‍ॅम्पसाठी नसतो, केबलसाठी असतो. केबल कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली तर तोच आग थांबवतो. केबल घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. तिचा विरोध साधारण दीडपट, म्हणून एक माप जास्त जाड घ्यावी लागते.

कोल्हापुरात मोठ्या आवाजाला सरसकट डॉल्बी म्हणतात. मिरवणुकीत 'डॉल्बी लावला' म्हणजे काय ते सांगायला नको, खिडकीच्या काचा सांगतात. गंमत अशी की रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. म्हणजे नावाचा मूळ धंदा शांततेचा. गाडीतही पहिला आवाज बाहेरचा कमी करा. दारांचं रबर दबून चपटं झालं असेल तर बदला. मला पुढच्या दोन दारांना पाचशे लागले आणि वाऱ्याची शीळ गेली. बाहेरचा गोंगाट तीन डेसिबलने उतरला तर अ‍ॅम्प दुप्पट केल्याएवढाच फायदा, तोही बॅटरीवर भार न टाकता.

वूफर हवाच असेल तर सीटखाली सरकणारा चपटा घ्या. सीएनजीची टाकी बसवल्यावर डिक्कीत तसाही कोण जागा देतंय. छोट्या गाडीत अगदी खालचा खर्ज आपोआप वाढतो, कारण लाट लांब आणि खोली लहान. त्यामुळे छोटा वूफरही पुरतो.

राहिला खडखडाट

बेस आला की गाडीतल्या सगळ्या सैल वस्तू बोलायला लागतात. यासाठी फोनवर टोन जनरेटरचं, म्हणजे हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं अ‍ॅप घ्या आणि ३० ते २०० हर्ट्झ हळूहळू फिरवा. एकाने फोन धरायचा, दुसऱ्याने हाताने दाबत फिरायचं. आमच्या मुलीला हे काम फार आवडलं. ५५ ला कप्प्यातली सुटी नाणी, ७० ला सीटबेल्टचं बकल खांबावर आपटत होतं, ९० च्या आसपास मागची ट्रे. ट्रेखाली जुन्या चटईच्या पट्ट्या चिकटवल्या, बकलला कापड गुंडाळलं.

एक आवाज मात्र सापडेना. ११० ला मागून 'झर्रर्र' यायचं. डिक्की रिकामी केली, स्टेपनी काढली, जॅक काढला, तरी येतच होता. शेवटी मुलगी बाहेर जाऊन मागे उभी राहिली आणि हात लावून म्हणाली, "बाबा, एमएच ०९ वाजतंय." नंबर प्लेट. मागे रबराचे दोन तुकडे घातले, बंद झालं.